जुना पूल पाडायचाय: सर्व्हरवरचं झेडएफएस नीट कसं मोकळं करावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेचा सर्व्हर मी बघते. आम्ही सगळे मिळून अकरा जण. सर्व्हरवर डेबियन लिनक्स आणि फाईली सांभाळायला झेडएफएस. त्यात डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्याला पूल म्हणतात, आणि पुलाच्या आत फाईल सिस्टीम, म्हणजे डेटाचे कप्पे, असतात. माझ्या आधी जे काम बघायचे त्यांनी २०१७ साली चार टेराबाइटच्या चार डिस्क घेऊन रेडझेड-वन (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकतो असा) पूल केला होता, नाव 'गोदाम'. नंतर बारा टेराबाइटच्या दोन डिस्क आणून मी मिरर (दोन्हींवर तोच डेटा) केला, त्याचं नाव 'कोठार'. गेले दोन आठवडे रात्री बसून एकेक फाईल सिस्टीम सेंड-रिसीव्ह करत, म्हणजे झेडएफएसच्या स्वतःच्या कमांडने, गोदामातून कोठारात नेली. सगळ्यांचं काम आता कोठारावरच चालतं.

आता गोदाम काढायचंय. काल सुरुवात म्हणून गोदाम/जाहिराती काढायला गेले. झेडएफएस डिस्ट्रॉय दिलं तर उत्तर आलं की याच्या पोटात अजून काही आहे, खालचं सगळं काढायचं असेल तर -आर वापरा. खाली आठ-दहा नावांची यादी, जुने स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) असावेत. मी -आर टाइप केलं, एंटरवर बोट ठेवलं आणि हात थबकला. मग डिस्ट्रॉय बाजूला ठेवून गोदाम/स्कॅन नुसतं अनमाउंट करून, म्हणजे सर्व्हरपासून सोडवून, पाहिलं, तर म्हणे 'टार्गेट इज बिझी'. दिवा मालवून घरी गेले.

तर विचारायचं ते असं. एकेक फाईल सिस्टीम काढत जाऊ की आख्खा पूल एकदम? बिझी म्हणालं की -एफ लावून जबरदस्ती करावी का? आणि या चार डिस्क गावाकडच्या शाळेच्या संगणक खोलीसाठी द्यायच्या आहेत, त्या कशा पुसू?

घाटमाथा

शीर्षकात पूल पाडायचाय आणि लिहिणाऱ्या कृष्णाकाठ, म्हटलं सांगलीच्या आयर्विन पुलावर संक्रांत आली की काय! १९२९ पासून उभा आहे तो, माझं अर्धं बालपण त्याच्या कठड्याला टेकून गेलंय. धावत आलो. विषय माझ्या आवाक्यातला नाही, पण शिकायला आवडेल. रुमाल टाकून बसतो.

कृष्णाकाठ

नाही हो दादा, आयर्विन जागच्या जागी आहे. आमच्या ऑफिसातून चालत दहा मिनिटं.

जुना_सोलारिस

ताई, हात थबकला ते फार चांगलं झालं. एंटर दाबू नका, आधी हे वाचा.

मी झेडएफएस सन कंपनीच्या काळापासून वापरतोय. २००५ साली ते सनच्या ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोडमध्ये आलं, मग फ्रीबीएसडीवर, मग लिनक्सवर. इतक्या वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही: डिस्ट्रॉय म्हटलं की ते 'नक्की का?' असं विचारत नाही. एलव्हीएममध्ये (लिनक्सवरची डिस्कचे भाग सांभाळणारी दुसरी व्यवस्था) एलव्हीरिमूव्ह निदान हो-नाही विचारतं. इथे एंटर दाबलं की प्रॉम्प्ट परत येतो, बस.

आता तुमचा पहिला प्रश्न. लोकांना वाटतं आख्खा पूल उडवणं जास्त धोक्याचं आणि एखादी फाईल सिस्टीम काढणं किरकोळ. प्रत्यक्षात उलट आहे. झेडपूल डिस्ट्रॉय केलं की डिस्कवरचा डेटा कुणी पुसत नाही. प्रत्येक डिस्कवर झेडएफएसची चार लेबलं असतात, प्रत्येकी २५६ किलोबाइटची, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला. त्यांच्यावर 'हा पूल मोडला' एवढी खूण होते. त्या डिस्कवर नंतर कुणी काही लिहिलं नसेल तर झेडपूल इम्पोर्ट -डी, डी कॅपिटल, असं दिलं की मोडलेले पूल यादीत दिसतात, आणि पुढे पुलाचं नाव दिलं की जसाच्या तसा परत येतो. मी दोनदा असा पूल परत आणलाय.

झेडएफएस डिस्ट्रॉयचं तसं नाही. पूल चालूच असतो, मोकळे झालेले ब्लॉक तो लगेच दुसऱ्या कामाला लावू शकतो. परत फिरायला अधिकृत रस्ता नाही.

म्हणून ज्याचा आख्खा पूलच जायचा आहे त्याने एकेक फाईल सिस्टीम काढत बसू नये. आणि पूलसुद्धा लगेच डिस्ट्रॉय करू नये. आधी एक्स्पोर्ट करावा. एक्स्पोर्ट म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवणं. महिनाभर कुणी किल्ली मागितली नाही, की मग डिस्ट्रॉय.

निळी_शाई

सोलारिसकाकांना अनुमोदन. भर एवढीच: एक्स्पोर्टच्याही आधी आठ दिवस गोदाम नुसतं रीडओन्ली करून ठेवा. कुणाचा एखादा जुना शॉर्टकट अजून गोदामावरच लिहीत असेल तर तो माणूस स्वतःहून ओरडत येईल. आमच्याकडे अकाउंट्सचा रात्रीचा बॅकअप अजून जुन्याच जागी जातोय हे असंच कळलं. एक्स्पोर्ट केला असता तरी कळलं असतं, पण रीडओन्लीत निदान वाचणारे अडत नाहीत.

ठोकताळा

एवढा काथ्याकूट कशाला? डेटा नवीन पुलावर गेलाय ना? मग -एफ लावा आणि मोकळ्या व्हा. चार डिस्क उगाच वीज खात बसल्यात. महिनाभर थांबायचं म्हणजे थांबायचं कशासाठी, हे कुणी सांगेल का?

कंटेनरवाली

@ठोकताळा, वीज खातात हे खरं, म्हणून एक्स्पोर्ट करून डिस्क खेचून बाहेर ठेवाव्यात. पण -एफवर माझा ठाम आक्षेप आहे. ताईंचा दुसरा प्रश्नही तोच आहे म्हणून सविस्तर लिहिते.

'बिझी' म्हणजे सर्व्हर हट्टाला पेटलेला नाही. कुणीतरी आत आहे असं तो सांगतोय. जबरदस्ती करण्यापेक्षा आत कोण आहे ते बघावं. माझा शोधायचा क्रम असा असतो:

पहिल्यांदा एफयूझर किंवा एलएसओएफ (कोणत्या प्रोसेसने काय उघडलंय ते दाखवणाऱ्या कमांडी) त्या माउंटपॉइंटवर, म्हणजे फाईल सिस्टीम जिथे जोडलीय त्या फोल्डरवर, चालवायचं. शंभरातल्या बहुतेक वेळा इथेच उत्तर मिळतं, कुणाचं तरी शेल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. आमच्याकडे एकदा संध्याकाळी साडेसहाला यादीत एक टीमक्स (माणूस बाहेर पडला तरी चालू राहणारं टर्मिनल) सेशन निघालं, तीन आठवडे जुनं. एक सहकारी रजेवर जाताना कॉपीची कमांड लावून गेला होता. आत जाऊन पाहिलं तर कॉपी मध्येच एका परवानगीच्या चुकीवर थांबली होती आणि ते सेशन बघायला कुणी नाही म्हणून तसंच पडून होतं. म्हणजे जी फाईल सिस्टीम आम्ही 'सगळं गेलंय' म्हणून काढणार होतो तिच्यातलं निम्मं गेलेलंच नव्हतं. -एफ दिला असता तर हे कधी कळलं असतं?

एलएसओएफमध्ये काही दिसलं नाही तर एनएफएस किंवा सांबाचं (नेटवर्कवरून फोल्डर वाटून द्यायच्या सोयी) शेअर बघा. एनएफएस कर्नलमधूनच चालतं, त्यामुळे त्याची पकड या यादीत दिसत नाही. शेअर आधी बंद करा, मग अनमाउंट.

तरीही अडलं तर कंटेनर बघा. कंटेनर चालवणारं डॉकर किंवा सिस्टिमडीने चालवलेली एखादी सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या स्वतःच्या माउंट यादीत, ती फाईल सिस्टीम धरून बसलेली असते. प्रॉक फोल्डरमधल्या प्रत्येक प्रोसेसच्या माउंट्स फाईलमध्ये ग्रेपने ते नाव शोधलं की कोणती प्रोसेस ते सापडतं. ती सेवा रीस्टार्ट केली की पकड सुटते.

आणि झेडव्हॉल (पुलातून काढलेली आभासी डिस्क) असेल तर त्यावर स्वॅप, आयस्कझी (नेटवर्कवरून दिलेली डिस्क) किंवा एखादं व्हर्च्युअल मशीन आहे का ते पाहा. झेडव्हॉलच्या आत कुणी एलव्हीएम केलं असेल तर मुख्य सर्व्हरचंच एलव्हीएम ते ओळखून चालू करून ठेवतं, हे कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही.

कृष्णाकाठ

@कंटेनरवाली, तुमचा क्रम लावला. एलएसओएफ रिकामं. सांबा बंद केलं तरी बिझी. एनएफएस आम्ही वापरतो हेच मला माहीत नव्हतं, पण खालच्या मजल्यावरचं मोठं स्कॅनर थेट गोदाम/स्कॅनवर एनएफएसने लिहितंय! आधीच्यांनी लावून दिलं असणार. म्हणजे गेले दोन आठवडे जी पानं स्कॅन झाली ती जुन्याच पुलावर आहेत. आता आधी ते निस्तरते.

ठोकताळा

बरं, हे मला पटलं. माझा -एफ मागे घेतो. पण 'डेटा गेलाय' हे नक्की कसं ठरवायचं? चार फाईली उघडून बघणं म्हणजे खात्री नव्हे.

टीपकागद

@ठोकताळा, फार मोलाचा प्रश्न विचारलात. झेडएफएसमध्ये प्रत्येक स्नॅपशॉटला एक जीयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो आणि सेंड-रिसीव्ह केल्यावर पलीकडेही तोच राहतो. दोन्ही पुलांवर सगळ्या स्नॅपशॉटची नावं आणि जीयूआयडी यांची यादी काढा, पुलाचं नाव वगळून क्रमाने लावा आणि दोन याद्या डिफने ताडून बघा. जुळल्या तर स्नॅपशॉट घेतल्या क्षणापर्यंतचं सगळं पोचलं. ताईंच्या स्कॅनरसारखं नंतर लिहिलेलं मात्र यात येत नाही, त्यासाठी गोदाम रीडओन्ली करून शेवटचा एक स्नॅपशॉट घ्या आणि तेवढा फरक इन्क्रिमेंटल पाठवा. मग कोठारावर एकदा पूर्ण स्क्रब चालवा, म्हणजे नवीन डिस्कवर उतरलेला प्रत्येक ब्लॉक वाचून तपासला जाईल.

आणि ताई, सेंड करताना तुम्ही कॅपिटल आर दिला होता का? नुसतं सेंड दिलं तर त्या एकाच फाईल सिस्टीमचा एकच स्नॅपशॉट जातो. तिच्या पोटातल्या फाईल सिस्टीम जात नाहीत.

कृष्णाकाठ

सुरुवातीच्या दोन-तीनना दिला नव्हता बहुतेक. नंतर दिला. उद्या याद्या काढते.

गोदाघाट

आर वरून आठवलं ते लिहितोच, कारण हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

नाशिकमधल्या एका संस्थेत होतो. नाव नको. तिथे कागदपत्रं स्कॅन करून ठेवायचं मोठं काम चाले. एक मूळ फाईल सिस्टीम होती, तिच्या स्नॅपशॉटवरून कुणीतरी चाचणीसाठी क्लोन, म्हणजे त्या स्नॅपशॉटवरच उभी असलेली लिहिता येणारी प्रत, काढला होता. चाचणी आवडली, लोक क्लोनमध्येच काम करू लागले आणि सहा महिन्यांत तोच खरा झाला. मूळ तशीच पडून. मला सांगितलं, मूळ काढ, जागा हवी आहे.

रात्री दीड वाजता खुर्ची ओढून बसलो. सर्व्हर खोलीतला एसी, पायाला गार वारा, पडद्यावर एकच खिडकी. लहान आर देऊन डिस्ट्रॉय केलं. झेडएफएसने नकार दिला: याच्यावर अवलंबून असलेले क्लोन आहेत, कॅपिटल आर वापरा. खाली एक नाव दाखवलं. ते नाव मी वाचलं. आजही शपथेवर सांगेन की वाचलं होतं. पण 'चाचणी' या शब्दाने ते सुरू होत होतं आणि डोक्यात 'चाचणी म्हणजे टाकाऊ' एवढंच उमटलं. वरचा बाण दाबून मागची कमांड आणली, कर्सर मागे नेला, लहान आर खोडून कॅपिटल केला, एंटर.

रात्रीची वेळ, कुणाची फाईल उघडी नव्हती, त्यामुळे बिझी म्हणायलाही कुणी नव्हतं. मूळ गेली, क्लोन गेला, स्नॅपशॉट गेले. सकाळी दहाला पहिला फोन आला. आदल्या रात्रीचा टेपवरचा बॅकअप निघाला म्हणून बाकी सगळं वाचलं, पण त्या एका दिवसाचं स्कॅनिंग गेलं. अकरा माणसांनी दोन दिवस तेच कागद पुन्हा गठ्ठ्यातून काढून, पिना सोडून, पुन्हा स्कॅन केले. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "जाऊ दे रे, हात चालतात तोवर करू." त्यांचं ते बोलणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून दोन गोष्टी. डिस्ट्रॉयची कमांड आधी -एन आणि -व्ही लावूनच चालवतो. -एन लावलं की ते खरोखर काही करत नाही, फक्त 'हे हे जाईल आणि एवढी जागा सुटेल' असं सांगतं. ती यादी मी मोठ्याने वाचतो, शेजारी कुणी असेल तर त्याला वाचायला लावतो. आणि क्लोन खरा झाला असेल तर आधी झेडएफएस प्रमोट करून त्याला मूळ करायचा. मग जुनी काढली तरी त्याला धक्का लागत नाही.

निळी_शाई

@गोदाघाट, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. लहान आर पोटातलं काढतो, कॅपिटल आर अवलंबून असलेलंही काढतो, भले ते झाडात दुसऱ्याच फांदीवर असो. ही दोन अक्षरं इतकी सारखी नको होती असं मला कायम वाटत आलंय.

घाटमाथा

एक बाळबोध प्रश्न. फाईल सिस्टीम चुकून काढली आणि पाच सेकंदांत लक्षात आलं, तर काहीच करता येत नाही?

जुना_सोलारिस

@घाटमाथा, बाळबोध अजिबात नाही. प्रत्येक लेबलात युबरब्लॉकची, म्हणजे पुलाच्या ताज्या स्थितीच्या नोंदींची, एक चक्री असते. आजच्या चार किलोबाइट सेक्टरच्या डिस्कवर, म्हणजे ॲशिफ्ट १२ असेल तर, त्यात ३२ नोंदी मावतात, मग जुन्यावर नवी चढते. पुलावर लिहिणं चालू असेल तर साधारण पाच सेकंदाला एक नोंद. हिशोब करा, अडीच-पावणेतीन मिनिटं. तेवढ्यात पूल एक्स्पोर्ट करून जुन्या ट्रान्झॅक्शन ग्रुपवर, म्हणजे आधीच्या नोंदीवर, मागे नेऊन, तोही रीडओन्ली, उघडायचा प्रयत्न करता येतो. जमेलच असं नाही, मधल्या काळात ब्लॉक दुसऱ्याने वापरलेले असू शकतात. हा शेवटचा उपाय आहे, योजना नव्हे.

योजना म्हणून चेकपॉइंट आहे. लिनक्सवर ०.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून. मोठी साफसफाई करण्याआधी झेडपूल चेकपॉइंट घेऊन ठेवायचा. काही बिघडलं तर पूल एक्स्पोर्ट करून, इम्पोर्ट करताना चेकपॉइंटपर्यंत मागे न्यायचा. आख्खा पूल मागे जातो हे लक्षात ठेवा, मधल्या वेळात लिहिलेलंही जातं. चेकपॉइंट असेपर्यंत काढलेल्या डेटाची जागा सुटत नाही, म्हणून काम झालं की तो आठवणीने टाकायचा.

टीपकागद

आणि एखादा स्नॅपशॉट कुणाच्याही हातून जाऊ नये असं वाटत असेल तर त्यावर झेडएफएस होल्ड लावा. होल्ड असेपर्यंत डिस्ट्रॉय त्याला हात लावत नाही, आधी रिलीज करावं लागतं. आम्ही वर्षअखेरीच्या स्नॅपशॉटवर कायम लावतो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं सेफ (लई सर्व्हरवर पसरलेली साठवणूक) आहे. तिथं पूल काढायचा तर नाव दोनदा लिवा लागते, आधी मॉनिटर नावाच्या सेवेवर पूल काढायची परवानगी चालू करा लागते, आन् वर पुन्हा 'यस-आय-रिअली-रिअली-मीन-इट' असं आख्खं वाक्य जोडा लागते. रिअली दोनदा! घरून निघताना माय विचारते तसं, जेवला का, खरंच जेवला का, पोटभर जेवला का. मले ते लई आवडते.

कंटेनरवाली

@वऱ्हाडी_ठेचा, हे वाक्य कुणी मराठीत आणलं पाहिजे: 'हो-मला-खरंच-खरंच-म्हणायचंय'.

डोंबिवली_फास्ट_लोकल

झेडएफएस नसलेल्यांसाठी लिहितो, कारण निम्म्या ऑफिसांत अजून एलव्हीएमच आहे. तिथे क्रम वरून खाली: अनमाउंट, मग एफएसटॅबमधली (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) ओळ काढा, मग एलव्हीरिमूव्ह, व्हीजीरिमूव्ह, पीव्हीरिमूव्ह (व्हॉल्यूम, त्यांचा गट आणि डिस्कवरची खूण काढायच्या कमांडी). खाली एमडी रेड (लिनक्सचा डिस्क एकत्र जोडायचा प्रकार) असेल तर एमडीॲडम स्टॉप आणि मग प्रत्येक डिस्कचा सुपरब्लॉक शून्य.

सगळे चुकतात ते एफएसटॅबमध्ये. व्हॉल्यूम काढला, ओळ राहिली. त्या दिवशी काही होत नाही. तीन महिन्यांनी कधीतरी वीज जाते, सर्व्हर पुन्हा चालू होतो, नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतो आणि आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत उभा राहतो. ज्याने व्हॉल्यूम काढला तो तेव्हा गावी गणपतीला असतो. ओळ आधी काढा, मग माउंट -ए चालवून बघा तक्रार येते का.

चुकून एलव्हीरिमूव्ह झालं तर घाबरून काही लिहू नका. एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी मेटाडेटाची प्रत ईटीसीखालच्या एलव्हीएमच्या अर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतं. व्हीजीसीएफजीरिस्टोअरने ती लावली की व्हॉल्यूम परत दिसतो, मधल्या काळात ती जागा कुणी वापरली नसेल आणि डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा टाकून द्यायला डिस्कला लगेच सांगणं) चालू नसेल तर.

गोदाघाट

एलव्हीएम वरून गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटचं आठवलं. ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचा फोल्डर रिकामा करायचा होता, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटमधले साडेचार उरले होते. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप, आवृत्तीच्या घोळामुळे बरेच दिवस होतच नव्हता आणि तसं सांगणारे मेलही पोचत नव्हते. शेवटी वाचवलं ते सहा तास आधी चाचणीसाठी हाताने घेतलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटने. त्यांनी सगळं जगासमोर मांडलं, डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. माझ्या रात्रीनंतर कुणी ते वाचायला दिलं होतं मला. फार आधार वाटला.

म्हणून दोन सर्व्हर असतील तर प्रॉम्प्टचा रंग वेगळा ठेवा. आणि डिस्ट्रॉय लिहिण्याआधी होस्टनेम ही कमांड द्या, दर वेळी.

निळी_शाई

अवांतर: ताईंच्या पुलांची नावं फार आवडली. आमच्याकडे सगळे 'टँक' आणि 'डेटा', त्यामुळे कुठल्या मशीनचा डेटा हे कधीच कळत नाही. पुढचा पूल केला तर 'कणगी' ठेवणार.

घाटमाथा

अवांतरात भर: 'पेव' ठेवा. जमिनीखालचं धान्याचं कोठार. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आधी हवा खेळू द्यायची, आजोबा तास-दोन तास कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. तुमच्या या एक्स्पोर्टच्या महिन्यावरून आठवलं.

कृष्णाकाठ

मंडळी, चार दिवसांनी आलेय. सांगण्यासारखं बरंच आहे.

टीपकागद यांनी सांगितल्याप्रमाणे याद्या ताडल्या. बाकी सगळं जुळलं, गोदाम/जाहिराती जुळेना. आठवतंय का, ज्याला मी -आर देणार होते ती? तिच्याखालची आठ-दहा नावं मी स्नॅपशॉट समजून नीट वाचलीच नव्हती. त्यात एक नाव @ शिवायचं होतं: गोदाम/जाहिराती/मुखपृष्ठे. ती वेगळी फाईल सिस्टीम होती. झेडपूल हिस्टरी काढली तर २०१९ सालची तिची क्रिएटची ओळ सापडली, आधीच्यांनी तयार केलेली. जाहिराती मी अगदी पहिल्या रात्री नुसत्या सेंडने पाठवली होती, त्यामुळे ही पोटातली तिथेच राहिली.

आत आमच्या ४१ पुस्तकांच्या मुखपृष्ठांच्या मूळ फाईली होत्या. छापायला जातात त्या पीडीएफ दुसरीकडे आहेत, पण चित्रकारांनी दिलेली थरांसकट मूळं फक्त इथेच. त्यातले एक चित्रकार आता हयात नाहीत. मी त्या फोल्डरसमोर बराच वेळ नुसती बसून होते.

मग गोदाम रीडओन्ली केलं, स्कॅनरचा पत्ता कोठारावर वळवला, शेवटचा स्नॅपशॉट घेऊन कॅपिटल आरसकट उरलेलं सगळं पाठवलं. जीयूआयडीच्या दोन्ही याद्यांचा डिफ आता रिकामा आहे. स्क्रबमध्ये शून्य चुका. आठ दिवस रीडओन्ली ठेवणार, मग एक्स्पोर्ट.

गोदाघाट

मुखपृष्ठं वाचली! ताई, आज रात्री मी नीट झोपेन.

ठोकताळा

मी त्या दिवशी -एफ मारा म्हणून लिहिलं होतं. ताई, ऐकलं नाहीत हे फार बरं केलंत.

जुना_सोलारिस

आता तिसरा प्रश्न राहिला, डिस्क पुसण्याचा. क्रम महत्त्वाचा. लेबलक्लिअर, म्हणजे ती चार लेबलं पुसणं, सगळ्यात शेवटी, कारण ते केलं की इम्पोर्ट -डी चा रस्ता बंद. महिनाभराने पूल डिस्ट्रॉय करा, तेव्हाच काही अडचण दिसली तर परत आणता येईल. मग चारही डिस्कवर लेबलक्लिअर.

काही जण डीडी या थेट डिस्कवर लिहिणाऱ्या कमांडने डिस्कचे पहिले काही मेगाबाइट शून्य करतात आणि झालं म्हणतात. शेवटाकडची दोन लेबलं तशीच राहतात, आणि पुढे तीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की जुन्या पुलाचं भूत इम्पोर्टच्या यादीत दिसतं.

पण लेबल गेलं म्हणजे डेटा गेला असं नाही. तुमच्याकडे लेखकांचे करार असतील, पॅन कार्डाच्या प्रती असतील. बाहेर देताना प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा शून्यांनी लिहून काढा. चार टेराबाइटला सेकंदाला दीडशे मेगाबाइटने सात-आठ तास लागतात, संध्याकाळी लावून घरी जा. या फिरत्या डिस्क आहेत म्हणून हे चालतं. एसएसडी असत्या तर असं लिहून भागत नाही, तिला तिची स्वतःची इरेज कमांड द्यावी लागते. आणि डीडी चालवताना एसडीए-एसडीबी अशी नावं वापरू नका, रीबूटनंतर ती बदलतात. बाय-आयडी फोल्डरखालचं सीरियल नंबर असलेलं नाव घ्या आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. नाहीतर कोठाराचीच डिस्क पुसली जायची.

कंटेनरवाली

आणि शाळेला देण्याआधी स्मार्टचा (डिस्कची स्वतःची तब्येत तपासायची सोय) मोठा सेल्फ-टेस्ट चालवा. २०१७ च्या डिस्क आहेत, मुलांच्या हाती मरणारी डिस्क जायला नको.

कृष्णाकाठ

ठरल्याप्रमाणे आज दुपारी गोदाम एक्स्पोर्ट केलं. या वेळी पहिल्या फटक्यात झालं, बिझी नाही, काही नाही. झेडपूल लिस्टमध्ये आता एकच ओळ आहे. सर्व्हर बंद करून चारही डिस्क बाहेर काढल्या.

स्कॅनरवर काम करणाऱ्या काकूंना शेजारी उभं करून सीरियल नंबर वाचायला लावले, मी लिहिले. एकाचा शेवटचा आकडा मी ३ लिहिला होता, त्या म्हणाल्या, "आठ आहे बाळा, चष्मा लाव."

गोदाघाट

डिस्कवर चिठ्ठ्या लावल्यात ना? तारीख घालून?

कृष्णाकाठ

लावल्या दादा. 'गोदाम, चारातली १', 'चारातली २' अशा, खाली आजची तारीख आणि 'महिनाभर हात लावू नये'. कपाटाची किल्ली काकूंकडे दिली आहे.